फ्यूजनची वीज कायद्याच्या कुठल्या रकान्यात बसते?

वर्षातून एकदा आमच्याकडे विजेच्या बिलाबरोबर एक तक्ता येतो, आपण वापरलेली वीज कशापासून तयार झाली त्याचा. मी अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यात, सिएटलच्या उत्तरेला राहते, त्यामुळे माझ्या तक्त्यात सगळ्यात मोठा आकडा पाण्याचा, म्हणजे कोलंबिया नदीवरच्या धरणांचा, त्याखाली बराच छोटा आकडा अणुविजेचा, मग थोडाफार वारा वगैरे. बहुतेक लोक हा कागद न वाचताच रिसायकलच्या डब्यात टाकतात. मी मात्र गेली काही वर्षं तो नीट बघते, कारण घरापासून गाडीने अर्ध्या तासावर एव्हरेट गावात हेलियन नावाची कंपनी फ्यूजनचं मशीन चालवतीये आणि त्याच गावात झॅप एनर्जी म्हणून दुसरी कंपनी वेगळ्या वाटेने तेच करायला बघतीये. उद्या यांच्यापैकी कुणी खरंच वीज विकायला लागलं तर माझ्या तक्त्यात ती कुठल्या ओळीत लिहायची? आणि अमुक सालापर्यंत सगळी वीज स्वच्छ करायची असं राज्याने ठरवलंय, त्या बेरजेत ती धरायची का? ऐकायला कारकुनी प्रश्न वाटतो, पण यावर इथल्या विधिमंडळात बिलं आली, मतदान झालं, कायदे झाले, आणि त्या एका ओळीवर अब्जावधी डॉलर कुठे जाणार ते ठरतं.

आधी फ्यूजन म्हणजे काय ते सांगते. मराठी पुस्तकात याला संमीलन म्हणतात. तारापूरला १९६९ पासून चालतं ते विखंडन, तिथे युरेनियमचं जड केंद्रक फोडून उष्णता काढतात. फ्यूजनमधे उलटं, हलकी केंद्रकं जोडायची. बहुतेक ठिकाणी ड्यूटेरियम आणि ट्रिटियम घेतात, दोन्ही हायड्रोजनचीच वजनदार भावंडं, ती जुळली की एक हेलियम तयार होतो आणि एक न्यूट्रॉन भरधाव सुटतो, आणि त्यात जी ऊर्जा निघते ती कोळशाच्या हिशेबाने अफाट. एक आकडा सांगते म्हणजे अंदाज येईल: इंग्लंडमधल्या जेट नावाच्या मशीनने २०२३ च्या शेवटच्या प्रयोगांमधे ०.२ मिलिग्रॅम इंधनातून, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या साधारण शंभराव्या भागातून, ६९ मेगाज्यूल काढले. आपल्या मीटरच्या भाषेत ते १९ युनिट झाले. ही वीज नव्हती हं, नुसती उष्णता, आणि ती काढायला मशीनला त्याहून जास्त ऊर्जा द्यावी लागली होती, पण इंधन किती कमी लागतं ते यावरून कळतं.

जोडायचं म्हणजे या केंद्रकांना दहा कोटी अंशांच्या वर तापवावं लागतं, कारण ती एकमेकांना ढकलत असतात. इतका तापलेला वायू, म्हणजे प्लाझ्मा, चुंबकाने अधांतरी धरून ठेवायचा किंवा क्षणभर जोरात दाबायचा. धरणारी पकड जरा सुटली तरी तो लगेच थंड होतो आणि सगळं बंद पडतं. इथे एका केंद्रकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला पेटवायची साखळी नाहीये, त्यामुळे चेर्नोबिलसारखं हाताबाहेर जाणं या यंत्राच्या घडणीतच नाही. यात युरेनियम नाही, प्लुटोनियम नाही, हजारो वर्षं सांभाळायचं वापरलेलं इंधन नाही. चिमणीतून कार्बन डायऑक्साइड निघत नाही कारण जाळलंच काही जात नाही.

पण म्हणून किरणोत्सर्ग शून्य, असं जे कुणी सांगतं ते चुकीचं सांगतं. तो न्यूट्रॉन भिंतीवर जाऊन आदळतो आणि आतलं पोलाद हळूहळू किरणोत्सारी होतं, ते बदलावं लागतं आणि मग काही दशकं, कधीकधी शंभर वर्षांच्या आसपास, सांभाळावं लागतं. ट्रिटियमसुद्धा किरणोत्सारी आहे, त्याचं अर्धआयुष्य १२.३ वर्षं, आणि तो हायड्रोजनच असल्याने पाण्यात सहज मिसळतो, म्हणून त्याच्यावर बारीक नजर ठेवावी लागते. हेलियनवाले ड्यूटेरियम आणि हेलियम-३ वापरतात, त्यात न्यूट्रॉन कमी निघतात पण निघतात. हे सगळं इतकं सविस्तर सांगायचं कारण असं की 'स्वच्छ' या शब्दाचं सगळं भांडण इथूनच सुरू होतं.

आता कायदा. कायद्यातला 'स्वच्छ' हा शब्द समजायला मला सगळ्यात जास्त मदत आपल्या उपवासाने झाली, खरंच. उपवासाला काय चालतं हे ठरवायच्या दोन पद्धती आहेत. एक यादीची, साबुदाणा चालतो, भगर चालते, बटाटा, शेंगदाणे, मिरची चालते, आणि ही यादीसुद्धा घरोघरी वेगळी, माझ्या आजोळी कोथिंबीर चालत नाही आणि सासरी बिनधास्त चालते. दुसरी पद्धत गुणाची, धान्य नको, बस. महाशिवरात्रीला इथल्या आमच्या मैत्रिणींमधे हमखास विचारणा होते की क्विनोआ चालतो का. यादीवाल्या घरात उत्तर 'आपल्याकडे नाही चालत', कारण यादी झाली तेव्हा क्विनोआ कुणाला माहीतच नव्हता. गुणवाल्या घरात कुणीतरी बघतं की हे गवताच्या जातीचं धान्य नाही, राजगिऱ्याच्याच कुळातलं बी आहे, म्हणजे चालायला हरकत नाही. फ्यूजन हा विजेच्या कायद्यातला क्विनोआ आहे. यादीने चालणाऱ्या कायद्यात त्याला नाव घालून बसवावं लागतं, गुणाने चालणाऱ्या कायद्यात तो आपोआप बसतो.

यादीचा परिणाम कसा होतो ते बघा. वॉशिंग्टन राज्यात २००६ मधे लोकांनी थेट मतदान करून एक कायदा आणला, मोठ्या वीज कंपन्यांनी २०२० पर्यंत १५ टक्के वीज नवीकरणीय स्रोतांमधून घ्यायची. आता या राज्यात बहुतेक वीज धरणांची, पण त्या कायद्याच्या यादीत जुन्या धरणांची वीज जवळजवळ धरलीच नाही! पाणी नवीकरणीय नाही असं कुणाचं म्हणणं नव्हतं. हेतू असा होता की नवीन वारा, नवीन सौर उभं राहावं, आणि जुनी धरणं मोजली असती तर कंपन्यांना काहीच करावं लागलं नसतं. आपल्याकडेही हेच होतं की. २०१९ पर्यंत भारतात २५ मेगावॉटच्या वरचा जलविद्युत प्रकल्प सरकारी हिशेबात 'नवीकरणीय' नव्हता, म्हणजे कोयनेचं पाणी तेच, टर्बाइन तेच, पण रकाना वेगळा. त्या मार्चमधे केंद्राने ठरवलं की मोठं जलविद्युतही नवीकरणीय. नदीत काही बदललं नाही, वहीत बदललं.

आणि यादी हातात असली की उलटंही करता येतं. ओहायो राज्यात २०२३ च्या जानेवारीत गव्हर्नरने एका बिलावर सही केली, त्यात नैसर्गिक वायूला कायद्याने 'ग्रीन एनर्जी' म्हटलं. वायू जाळला की कार्बन डायऑक्साइड निघतोच, कोळशापेक्षा कमी, पण निघतो. मला याचा मनापासून राग येतो, कारण अशाने शब्दावरचा विश्वास जातो आणि मग उद्या खरोखर कार्बन न सोडणारी एखादी गोष्ट आली तरी लोक म्हणतात, हां, यांनी गॅसलाही ग्रीन म्हटलं होतं.

वॉशिंग्टनचा मोठा कायदा २०१९ चा, क्लीन एनर्जी ट्रान्सफॉर्मेशन अ‍ॅक्ट, इथे सगळे त्याला सीटा म्हणतात. २०२५ संपेपर्यंत कोळशाची वीज बंद, २०३० ला हिशेबाने कार्बन-न्यूट्रल, २०४५ ला १०० टक्के वीज नवीकरणीय किंवा उत्सर्जन नसलेली. या शेवटच्या वाक्यात दोन रकाने आहेत बघा. नवीकरणीय ही यादी आहे, पाणी, वारा, ऊन, भूगर्भातली उष्णता, लाटा वगैरे. पण शेजारी दुसरा रकाना 'नॉन-एमिटिंग', आणि त्याची व्याख्या गुणाची आहे: वीज करताना हरितगृह वायू बाहेर पडत नाहीत असं काहीही. ज्याने ते दुसरं वाक्य लिहिलं त्याचं मला फार कौतुक वाटतं, कारण २०१९ मधे फ्यूजनचं नाव न घेताच त्याची जागा करून ठेवली गेली. कॅलिफोर्नियाच्या २०१८ च्या कायद्यातही अशीच जोडी आहे, नवीकरणीय आणि 'झीरो-कार्बन'.

मग पुन्हा नाव घालायची गरज काय, असं कुणीही विचारेल. याचं उत्तर गावाकडच्या माणसाला लगेच कळेल. जमीन तुमची असते, त्यावर घर बांधून कुणाला त्रासही होणार नसतो, पण बिगरशेतीची नोंद नसेल तर बँक कर्ज देत नाही, पंचायत परवानगी देत नाही आणि घेणारा भाव पाडून मागतो. फ्यूजनचं तसंच आहे. प्लांट उभा करायला जो पैसा लावणार, तो विचारतो की वीस वर्षं ही वीज कंपन्या घेतील का? कंपनी म्हणते घेईन, पण ती माझ्या १०० टक्क्यांत मोजली जाणार हे लिहून द्या, कारण नाही मोजली तर सीटाखाली २०३० पासून दंड आहे, पाया धरलाय मेगावॉट-तासाला १०० डॉलर, म्हणजे युनिटमागे १० सेंट, आणि कोळसा वापरला तर त्याच्या दीडपट. अर्थ लावून बसते असं वकिलाने सांगितलेलं वेगळं आणि कायद्यात छापलेलं वेगळं. म्हणून २०२४ मधे इथे हाऊस बिल १९२४ आलं, राज्याच्या स्वच्छ ऊर्जेच्या धोरणात फ्यूजनला स्पष्ट आणण्यासाठी, आणि ते मंजूर होऊन गव्हर्नर जे इन्सली यांची सही झाली.

जागेचा प्रश्न वेगळा. इथे वारा, सौर असे प्रकल्प काउंटीकडे न जाता राज्याच्या एका कौन्सिलकडे अर्ज करू शकतात, तिला एफसेक म्हणतात, एकाच खिडकीत सगळ्या परवानग्या. फ्यूजनला ती खिडकी स्पष्टपणे उघडी नव्हती, ती २०२५ च्या हाऊस बिल १०१८ ने उघडली.

आणि सुरक्षेचा प्रश्न तिसरा, जो लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. स्वच्छ म्हटलं म्हणजे सुरक्षेची तपासणी संपली असं मुळीच नाही, ती वेगळ्या खात्यात आहे. अमेरिकेत अणुभट्ट्यांवर न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशनचं नियंत्रण असतं, आणि २०२३ च्या एप्रिलमधे या कमिशनने एकमताने ठरवलं की फ्यूजनच्या यंत्रांना अणुभट्टीचे नियम लावायचे नाहीत, हॉस्पिटलातली रेडिएशनची साधनं, संशोधनातले पार्टिकल अ‍ॅक्सेलरेटर ज्या चौकटीत येतात तीच लावायची. २०२४ च्या जुलैत अमेरिकेच्या काँग्रेसनेही अ‍ॅडव्हान्स अ‍ॅक्टमधे ते पक्कं केलं. ब्रिटनने २०२३ मधे स्वतःच्या कायद्यात साधारण हाच मार्ग घेतला. याचा व्यवहारातला अर्थ असा, की वॉशिंग्टनसारख्या ज्या राज्यांनी कमिशनशी करार केलाय तिथे परवाना राज्यच देतं, आणि आमच्याकडे हे काम आरोग्य खात्याचं आहे. एव्हरेटमधल्या हेलियनच्या मशीनचा किरणोत्सारी पदार्थांचा परवाना त्याच आरोग्य खात्याकडून येतो जे दवाखान्यांच्या एक्सरे मशीनवर लक्ष ठेवतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फारच सैल वाटलं होतं. नंतर कळलं की धोका ज्या प्रकारचा आहे, ट्रिटियमची गळती, किरणोत्सारी झालेलं पोलाद, कामगारांना लागणारा डोस, ते सगळं हे खातं आधीपासून मोजत आलंय. वितळणाऱ्या गाभ्याचे नियम लावायला गाभाच नाहीये.

तरी लोकांची भीती मी हलक्यात घेत नाही, या राज्यात तर नाहीच. याच कोलंबिया नदीकाठी हॅनफर्ड आहे, नागासाकीवर पडलेल्या बॉम्बचं प्लुटोनियम तिथलं, आणि आजही जमिनीखाली १७७ टाक्यांमधे ५ कोटी गॅलनपेक्षा जास्त किरणोत्सारी घाण पडून आहे. याच राज्यात पाच अणुवीज केंद्रं एकदम बांधायला काढली, त्यातलं एकच पूर्ण झालं, आणि १९८३ मधे दोन केंद्रांचे सव्वादोन अब्ज डॉलरचे रोखे बुडाले. जैतापूरच्या आंदोलनात ज्यांनी मच्छीमारांचं म्हणणं ऐकलंय त्यांना ही भावना समजावून सांगायला नको. इथल्या म्हाताऱ्या माणसांना 'अणू' म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, ती घाण आणि ते बुडालेले पैसे. म्हणून माझं म्हणणं असं, की फ्यूजन विखंडनापेक्षा वेगळं आहे हे जरूर सांगा, पण 'अणूशी काही संबंधच नाही' असं सांगू नका.

आता सगळ्यात मोठा आक्षेप. जी वीज अजून झालीच नाही तिच्यासाठी कायदा कशाला? आक्षेप बरोबर आहे. आजवर कुठल्याही फ्यूजन यंत्राने ग्रिडला वीज विकलेली नाही. ५ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेझरचे २.०५ मेगाज्यूल इंधनाच्या गोळीवर पडले आणि ३.१५ बाहेर आले, जगभर बातमी झाली, आणि ती खरोखर मोठी होती. पण ते लेझर चालवायला भिंतीतून जवळपास ३०० मेगाज्यूल वीज ओढली गेली होती. हेलियनने मायक्रोसॉफ्टशी २०२३ च्या मे महिन्यात करार केला, २०२८ पासून वीज द्यायचा, पुढे किमान ५० मेगावॉट, आणि कोलंबियाच्या काठावर मलागा नावाच्या छोट्या गावात, रॉक आयलंड धरणाजवळ, २०२५ च्या जुलैत काम सुरूही केलं. तारीख पाळली जाईल का यावर भौतिकशास्त्रातलीच माणसं एकमेकांशी सहमत नाहीत.

मला यात धोका एकाच ठिकाणी दिसतो. वीज कंपनीने दहा वर्षांच्या आराखड्यात लिहिलं की २०३५ ला आमच्याकडे इतकी फ्यूजनची वीज असेल, आणि म्हणून आज पवनचक्क्या, बॅटऱ्या, लाइनी बांधायचं टाळलं, तर ते बाजारात तुरी म्हणतात तसं होईल, आणि २०३५ ला कमी पडेल ते गॅस जाळून भरून काढतील. यावर उपाय कायद्यातच करता येतो: मीटरमधून ग्रिडवर गेलेलं युनिटच मोजायचं, करार मोजायचा नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारची २०२२ च्या कायद्यातली करसवलत मुळात अशीच ठरली होती, कुठल्या तंत्राने हे न बघता उत्सर्जन शून्य असेल तर सवलत, २०२५ च्या जानेवारीतल्या नियमांत फ्यूजनचं नावही आहे, आणि त्यातली उत्पादनावरची सवलत प्रत्यक्ष युनिटवर मिळते. वीज नाही तर पैसाही नाही. असं असेल तर फ्यूजनला रकाना आधी देऊन ठेवण्यात कुणाचंच नुकसान नाही, आणि तो नसेल तर प्लांट तयार होऊन दोन वर्षं कोर्टात अडकू शकतो.

बाकी राज्यांत कमीजास्त हेच चाललंय. मॅसॅच्युसेट्समधे, जिथे कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्सचं स्पार्क नावाचं मशीन उभं राहतंय, २०२४ च्या नोव्हेंबरातल्या ऊर्जा कायद्यात फ्यूजन आलं. याच कंपनीने पहिला ४०० मेगावॉटचा प्लांट मात्र व्हर्जिनियात चेस्टरफील्ड काउंटीत काढायचं जाहीर केलंय. कॅलिफोर्नियाने २०२३ मधे कायदा करून आपल्या ऊर्जा आयोगाला फ्यूजनचा अभ्यास करून अहवाल द्यायला सांगितलंय. कोलोरॅडोने २०२५ मधे अणुऊर्जेला स्वच्छ ऊर्जेच्या व्याख्येत घेतलं, तिथे वाद जास्त विखंडनाचा होता.

तुम्ही यातल्या कुठल्या राज्यात राहत असाल आणि असं बिल तुमच्याकडे आलं तर भाषणं ऐकण्यापेक्षा बिलाचा मजकूर उघडा, बहुतेकदा चार-पाच पानंच असतात. व्याख्या नावांची आहे की गुणाची ते बघा, आणि नावांची असेल तर फ्यूजनच्या मागोमाग आणखी कुणी आत घुसलंय का तेही बघा, कारण गॅस अशाच ओळींत घुसतो. 'रिन्युएबल' लिहिलंय की 'क्लीन' की 'नॉन-एमिटिंग' ते बघा. ट्रिटियम बनवायला लागणारा लिथियम जमिनीतूनच काढावा लागतो, त्यामुळे फ्यूजनला नवीकरणीय म्हणणं मला ओढूनताणून वाटतं, उत्सर्जनरहित म्हणणं मात्र एकदम रास्त. किरणोत्सारी पोलाद शेवटी कुठे जाणार, प्लांट मोडायचा खर्च कुणी आधी बाजूला ठेवायचा, हे त्याच बिलात नसेल तर कुठल्या कायद्यात आहे ते आमदाराच्या ऑफिसला ईमेल करून विचारा, माझा अनुभव आहे की उत्तर येतं.

आणि बिलाबरोबर येणारा तो तक्ता टाकून देऊ नका. माझ्या तक्त्यात फ्यूजनची ओळ अजून नाही, आणि जोपर्यंत मलागाहून किंवा आणखी कुठून खरं युनिट येत नाही तोपर्यंत ती नसणंच बरोबर आहे.